होल्डर कंपनीतला पाळणा

मी पाळणा बोलतोय. जरा हळू बोलतोय, राग मानू नका. सतरा वर्षं माझ्या कुशीत कुणी ना कुणी झोपलेलं असायचं, त्यामुळे आवाज चढवायची सवयच लागली नाही. आता कुणी उठायचं भय उरलेलं नाही, पण सवय कुठे जाते?

मी काही घुंगरांचा, रंगीत चिमण्यांचा, शिसवी पाळणा नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या दिव्यांचे होल्डर आणि बटणं बनवणारा एक कारखाना आहे. पाटीवरचं त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आसपासचे लोक त्याला नुसतं 'होल्डर कंपनी' म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही तेच कळतं. त्या कारखान्याच्या आवारात माझा जन्म झाला आणि तिथेच माझं म्हातारपण चाललं आहे. बाहेरचं जग मी खिडकीतून दिसलं तेवढंच पाहिलं.

माझा जन्म झाला एका खोक्यामुळे. साल एकोणीसशे एकोणसत्तर. तेव्हा पॅकिंगला जेमतेम बारा बायका होत्या आणि कंपनीचे मालक भाऊराव स्वतः दिवसातून दोनदा सगळीकडे फेरी मारायचे. एका फेरीत त्यांना टेबलाखालून रडणं ऐकू आलं. वाकून बघतात तो काय, शकु नावाच्या कामगार बाईने आपलं तान्हं मूल पुठ्ठ्याच्या खोक्यात चिंध्यांवर निजवलेलं. मुलाच्या मुठीत एक पितळी स्क्रू होता आणि मूठ तोंडाकडे निघाली होती.

शकुला वाटलं, आता आपली नोकरी गेली. भाऊरावांनी स्क्रू काढून घेतला, खिशात टाकला आणि कंपनीचा सुतार कुंडलिक याला हाक मारली.

"कुंडलिक, पाळणा करायला किती दिवस लागतील?"

"कुणाच्या घरी द्यायचाय साहेब?"

"घरी नाही. इथे. आपल्याकडे."

त्याच आठवड्यात कंपनीत परदेशी मशीन आलं होतं. ज्या भल्यामोठ्या लाकडी पेटीतून ते आलं, तिच्याच फळ्यांतून कुंडलिकने मला घडवलं. दोन दिवस पॉलिशपेपरने घासत बसला होता बिचारा. बोटाला कूस लागली की शिवी हासडायचा आणि पुन्हा घासायचा. माझ्या साखळ्या आल्या स्टोअरमधून. अशा कुळाचा मी. पुढे बायका वाढल्या, मुलं वाढली, तेव्हा लोखंडी नळ्यांचे आणि जाड कापडाचे दहा पाळणे बाजारातून आणले. ते धाकटे. पण खरं सांगू, ज्या बाईचं मूल फार किरकिरं असेल ती आधी माझ्याकडेच धाव घ्यायची.

कारखान्यात ठरावीक आकड्याच्या वर बायका कामाला असतील तर पाळणाघर ठेवावंच लागतं, असा कायदा आहे. बारा बायकांना तो लागू नव्हता. भाऊरावांना कुणी विचारलं, कायदा नसताना हे कशाला, तर ते म्हणायचे, "स्क्रूला कायदा कळतो का?" यापलीकडे त्यांनी या विषयावर कधी भाषण केलं नाही.

माझ्या आयुष्यातलं मुख्य माणूस मात्र मालन. पाळणाघराची आया. मालवणकडची, राहायला वाकोल्याला. तिचा नवरा सहदेव गिरणीत होता. संपानंतर तो घरी बसला तो बसलाच, आणि घराचा गाडा मालनवर आला. तिची एक गंमत होती. साहेब लोकांशी ती पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची, बायकांशी मुंबईचं, आणि बाळांशी निव्वळ मालवणी. "उगी गो बाय माजे, तुजी आवस येतली आता," म्हणजे तुझी आई येईल आता, असं म्हटलं की परभणीकडचं पोरसुद्धा गप्प व्हायचं. स्वच्छतेचं तर तिला वेडच होतं. फरशीवर दुधाचा थेंब पडला की तिच्या कपाळावर आठी पडायची.

दहाला आणि तीनला दुधाची सुट्टी. बायका कामावरून धावत यायच्या. पदर सारून बसल्या की त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि मुलाची नजर त्यांच्याकडे. मी हे हजारदा पाहिलं. पोटभर प्यायल्यावर मूल हसतं, पण ते हसू बघायला आई थांबलेली नसायची. ते मालनच्या वाट्याला यायचं.

एक्याऐंशी साली भाऊराव गेले. त्यांचा मुलगा चंद्रप्रकाश खुर्चीवर बसला. शिकलेला, नेमस्त, कुणावर आवाज न चढवणारा माणूस. तीन वर्षांनी कंपनीचे शेअर बाजारात आले. शेअर म्हणजे काय ते मला बायकांच्या बोलण्यातून कळलं: कंपनीचे लहान लहान तुकडे करायचे आणि कागदावर लिहून लोकांना विकायचे. पूर्वी एक मालक होता आणि तो रोज खिडकीतून डोकवायचा. आता अडीच हजार मालक झाले आणि एकही डोकवेना.

मग हळूहळू एक गोष्ट होऊ लागली. कुणी बाई निवृत्त झाली की तिच्या जागी बाई घेत नसत, पुरुष घेत. ओरडा नाही, भांडण नाही. कायद्याचा आकडा होता तीस. तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं. शहाऐंशी साल उजाडलं तेव्हा आमच्याकडे एकोणतीस उरल्या होत्या.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये चंद्रप्रकाश पाळणाघराच्या दारात येऊन उभा राहिला. माझ्यात तेव्हा नंदाची मुलगी झोपली होती. नंदा पॅकिंगमधली सगळ्यात धाकटी, बावीस-तेवीसची, परभणीकडच्या बौद्ध कुटुंबातली, चटपटीत पोर. तिचा नवरा बाळा सांताक्रूझच्या विमानतळावर सामान चढवायचा, तेही कधी बोलावलं तर कधी नाही. मुलीचं नाव अनुपमा, वय तीन महिने, आणि झोपताना माझ्या कडेची फळी घट्ट धरायची खोड.

"मालनबाई," चंद्रप्रकाश म्हणाला, "कायद्याने आता ही खोली ठेवायचं बंधन राहिलं नाही. आणि आम्हाला स्टोअरला जागा हवी आहे."

मालनने हातातला लंगोट तसाच धरून ठेवला. "पण भाऊरावसाहेबांनी तर कायदा नसतानाच..."

"बाबांची कंपनी बाबांची होती. ही माझी नाही." तो खरंच दमल्यासारखा बोलला. "लोकांनी आपल्या म्हातारपणाचा पैसा विश्वासाने आमच्याकडे ठेवलाय. त्यात एक मुलुंडच्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या पैशांवर मी पुण्य करायचं हे बरोबर आहे का? मी अडीच हजार माणसांचा नोकर आहे, बाई."

त्याचं सगळंच खोटं होतं असं मला वाटत नाही. बोलून झाल्यावर तो घुटमळला. भाऊरावांचं रक्त होतं शेवटी.

"असं करू," तो म्हणाला. "सप्टेंबरात वार्षिक सभेच्या आधी भागधारकांना कारखाना दाखवायला आणतोच आपण. यंदा पाळणाघरही दाखवू. त्यांना पटलं तर राहील."

तो गेला आणि मालनने बायकांना गोळा केलं. नंदाचा चेहरा उतरला. "मालनताई, हे बंद झालं तर माझी वाट लागली ना. घरी कोण आहे पोरीला बघायला? नोकरी सोडली तर नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईत वाकोल्यात खोली टिकत नाही. आणि नोकरी ठेवली तर पोरगी गावाला धाडावी लागेल, माझ्या आईकडे. तीन महिन्यांची गं ती."

"काही धाडू नको," मालन म्हणाली. "असं पाळणाघर दाखवीन त्यांना, की बघत राहतील."

आणि इथेच ती चूक झाली. लिहितानासुद्धा, म्हणजे बोलतानासुद्धा, मला थकवा येतो.

भेटीच्या आदल्या दिवशी मालनने खोली अशी धुतली की फिनेलच्या वासाने मलाच चक्कर यावी. चादरी धुऊन, इस्त्री करून आणल्या. दाराला तोरण बांधलं. बायकांनी हौसेने भिंतीवर कागदी फुलं चिकटवली. आणि मग मालनने फर्मान काढलं: उद्या एकही मूल आणायचं नाही.

नंदा म्हणाली, "ताई, पण मुलंच नसतील तर ते बघणार काय?"

"वेडी की काय तू? मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा घरातली चिल्लीपिल्ली शेजारी पाठवतात ना? तसंच हे. एखाद्याने साहेबांच्या पुढ्यात शी केली, दुसऱ्याने भोकाड पसरलं, की झालं. म्हणतील, काय हा गोंधळ."

बायकांना ते पटलं. पटणारच. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की पसारा लपवायचा, हेच लहानपणापासून शिकवलेलं. खोक्यातल्या त्या बाळाची आई शकु आता नोकरी सोडून वाकोल्यातच राहायची. तिच्याकडे अनुपमाला आणि आणखी तिघांना ठेवलं. बाकीची मुलं कुणाच्या नणंदेकडे, कुणाच्या शेजारणीकडे. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं बायांनो, असं करू नका. पण माझ्या ओरडण्याला विचारतो कोण?

शनिवारी सकाळी अकराला बस आली. चाळीसेक माणसं असतील. प्रत्येकाच्या हातात बटाटेवडा आणि पेढा घातलेला कागदी डबा. ती माणसं दुष्ट नव्हती हो. कुणी पेन्शनर, कुणी पोस्टातला, कुणी जोडीने आलेले नवराबायको. सगळे कुतूहलाने मशीन बघून आले आणि शेवटी पाळणाघरात शिरले. अकरा पाळणे ओळीने, सगळे रिकामे. चादरींवर एक सुरकुती नाही. इस्त्रीच्या साडीत मालन कोपऱ्यात हात जोडून उभी.

सफारीतले एक गृहस्थ पुढे आले आणि बोटाने मला हलवू लागले. मालन पुढे धावली. "रिकामा हलवू नका, साहेब! बाळाला सोसत नाही."

"बाळ आहेच कुठे?" ते म्हणाले, आणि चारजण हसले.

त्यांच्या मागून एक बाई आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, जाड भिंगांचा चष्मा. याच त्या मुलुंडच्या शिक्षिका, उत्तराबाई. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि सरळ विचारलं, "मुलं कुठायत?"

मालनने ठेवणीतलं मराठी काढलं. "आज एकही मूल नाही, बाई. आम्ही खोली अत्यंत स्वच्छ ठेवतो." किती अभिमानाने म्हणाली ती!

"हो, ते दिसतंय," उत्तराबाई म्हणाल्या. माझ्यातल्या चादरीवरून त्यांनी हात फिरवला आणि त्या पुढे गेल्या.

चंद्रप्रकाश मागे थांबला. "मालनबाई, मुलं?"

"घरी ठेवायला सांगितली, साहेब. मुद्दाम. एकाचाही आवाज नाही बघा."

त्याने दाराकडे पाहिलं. माणसं अजून पायऱ्यांवरच होती, एक हाक मारली असती तरी परत आली असती. त्याने तोंड उघडलं, मी पाहिलं. मग ते मिटलं आणि तो त्यांच्या मागोमाग चहाला गेला. त्या एका क्षणासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पंधरा दिवसांनी नोटीस लागली. पाळणाघराची जागा वापरात नसल्याचं भागधारकांच्या पाहणीत दिसून आल्यामुळे एक तारखेपासून तिथे स्टोअर होईल, असं त्यात होतं. नंदाने नोटीस वाचून दाखवली. "माका मेलीक अक्कल नाय," मालन कपाळावर हात मारून घेत म्हणाली. "माज्या हातान केलंय मी ह्या." करायला गेली गणपती आणि झाला मारुती. कुणीही तिला बोल लावला नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला असावा.

नंदा मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. चंद्रप्रकाश जागा मोजून घ्यायला आला तेव्हा ती दुधाच्या सुट्टीत तिथेच होती, अनुपमाला मांडीवर घेऊन. "साहेब, वापरात नाही म्हणता ना? मग ही कोण आहे? ते बघा, ते नऊ कोण आहेत?"

"मला ठाऊक आहे, नंदा."

"मग त्यांना बोलवा ना परत. आजच्या आज बोलवा. बघू दे."

"ते वर्षातून एकदाच येतात."

"वर्षात माझी पोरगी चालायला लागेल, साहेब."

तो खाली बघू लागला. म्हणाला, मालनबाईंना स्टोअरमध्येच काम देऊ, कुणाची नोकरी जाणार नाही. नंदाने पदर सावरला, मुलीला माझ्यात ठेवलं आणि ती कामावर गेली. सुट्टी संपली होती.

दिवाळीत ती अनुपमाला गावी सोडून आली. जायच्या आदल्या दिवशी मला निरोप द्यायला थांबली वगैरे काही नाही. तिला तेवढी फुरसत नव्हती. मुलीला उचललं, फळीवरची तिची बोटं एकेक करून सोडवली आणि गेली. आल्यावर चार दिवस तिला दूध दाटून ताप होता. मालनने तिला कोबीची पानं बांधायला सांगितलं. आणखी दोघींनी नोकरी सोडली. एकीने मूल सासूकडे ठेवलं. असं सगळं पांगलं. वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं.

धाकटे लोखंडी पाळणे भंगारवाला घेऊन गेला. मी लाकडाचा, मला त्याने घेतलं नाही. मग मला भिंतीशी सारलं आणि त्याच खोलीत मांडण्या उभ्या राहिल्या. मालन आता खोके मोजून देते-घेते. बोलत फार नाही. मालवणी तर मी तिच्या तोंडून ऐकलेलीच नाही तेव्हापासून, कारण खोक्यांशी काय बोलणार?

पुढच्या सप्टेंबरात पुन्हा बस आली. चंद्रप्रकाश स्टोअर दाखवत होता. सगळे पुढे गेले, पण उत्तराबाई मागे रेंगाळल्या. माझ्यापाशी येऊन चष्मा सारखा करत म्हणाल्या, "अगं, हा तो पाळणा ना? पाळणाघर कुठे हलवलंत?"

"बंद झालं, बाई," मालन म्हणाली. "तुम्ही बघून गेलात आणि बंद झालं."

"आम्ही? मी काय केलं?"

मालनने सगळं सांगितलं. पाहुण्यांसाठी मुलं कशी लपवली, ते तिने मान खाली घालून सांगितलं. या वेळी पुस्तकातलं मराठी तिला आठवलंच नाही. ऐकता ऐकता उत्तराबाई एका खोक्यावर बसल्या. "मला वाटलं, तुमच्यातल्या कुणाला नकोच आहे ते," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी शाळेत होते गं. इन्स्पेक्टर येणार म्हटलं की आम्हीही नापास मुलांना घरी थांबवायचो. मला कळायला हवं होतं."

चंद्रप्रकाश शोधत परत आला. उत्तराबाई उठल्याही नाहीत. "माझ्या नावावर ही खोली बंद केलीत तुम्ही. मला एका ओळीने विचारलंत?"

"तुमच्याच हितासाठी, बाई. नफा वाढला यंदा. तुम्हाला पत्र आलं असेल."

"आलं. मला वाटलं, होल्डर जास्त खपले."

त्याने मांडणीवरचा एक खोका उगाच सरळ केला.

"पुढच्या आठवड्यात सभा आहे ना? मी उभी राहून विचारणार आहे."

"जरूर, बाई," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. मला तर वाटलं, कुणीतरी उभं राहावं असं त्यालाच हवं होतं, स्वतःला जमलं नाही म्हणून.

एवढ्यात नंदा खोके न्यायला आली. मालनने तिचं नाव सांगितलं. उत्तराबाईंनी तिचा हात धरला. "पाळणाघर पुन्हा उघडलं, तर मुलीला घेऊन येशील ना?"

नंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मे महिन्यात गेले होते, बाई. उचलून घेतली तर घर डोक्यावर घेतलं तिने रडून. माझ्या आईच्या पदराला धरून बसली. आईलाच 'आई' म्हणते ती." तिने खोका उचलून कमरेवर घेतला. "आता तिला इकडे आणायची म्हणजे तिच्या आईपासून तोडायची ना?"

नंदा गेली, तिला पॅकिंगवर हाक आली होती.

उत्तराबाई सभेत उभ्या राहिल्या, असं ऐकलं. चांगलं बोलल्या म्हणे, टाळ्याही पडल्या. मग पुढचा विषय घेतला. ही गोष्ट मागच्या वर्षीची. खोली अजून स्टोअरच आहे आणि मी भिंतीशी टेकून आहे. माझी एक साखळी गंजून तुटली, दुसरीही फार टिकेल असं वाटत नाही. मला पुन्हा टांगा, असं आता मी म्हणत नाही. थकलोय.

तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात कुठल्या कंपनीच्या शेअरचा कागद घडी घालून ठेवलेला असेल, तर तुमच्या हितासाठी तिथे काय काय चाललंय ते एकदा स्वतः जाऊन बघून या. बसने जाऊ नका, वड्याचा डबा घेऊ नका. आणि येणार म्हणून आधी कळवू नका.